आयईकोडबुक: एक्सेलमधली लेबलं स्टाटाच्या डेटावर चढवणारी कमांड कशी आहे

हळद असो, द्राक्ष असो की ठिबक, सांगली-साताऱ्यातल्या सर्वेक्षणाचा डेटा टेबलावर येतो तेव्हा तो आकड्यांतच बोलत असतो. 'क्यू१२' नावाचा एक रकाना, त्यात १ ते १०, मध्येच कुठे -९९. १ म्हणजे मिरज की शिराळा, -९९ म्हणजे 'माहीत नाही' की 'लागू नाही', याचा खुलासा दुसऱ्याच एका एक्सेल शीटमध्ये असतो. तो खुलासा डेटाच्या फाइलमध्येच कायमचा बसवणं, म्हणजे प्रत्येक व्हेरिएबलला (रकान्याला) नाव आणि लेबल देणं आणि प्रत्येक कोडला त्याचा अर्थ चिकटवणं, हे काम विश्लेषणाच्या आधी करावंच लागतं. पंधरा-वीस रकाने असतील तर हाताने टाइप करून निभावतं. दोनशे-तीनशे रकाने झाले की एखादी ओळ सुटते, एखादं लेबल शेजारच्या व्हेरिएबलला लागतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

स्टाटा या आकडेवारीच्या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी मेनूतून उघडणारी सोय नाही. व्हेरिएबल्स मॅनेजर आहे, पण तिथेही एकेक लेबल हातानेच भरायचं. ही उणीव भरून काढते ती आयईकोडबुक ही कमांड. जागतिक बँकेच्या डाइम अ‍ॅनालिटिक्स गटाने बनवलेल्या आयईफिल्डकिट या पॅकेजचा ती भाग आहे. पॅकेज मोफत आहे, स्टाटा अर्थातच विकत घ्यावा लागतो. तिच्या चार उपकमांड आहेत: टेम्प्लेट, अप्लाय, अपेंड आणि एक्स्पोर्ट. आपल्या कामाच्या दृष्टीने पहिल्या दोन महत्त्वाच्या.

आधीच सांगायचं तर, कार्यालयात स्टाटा असेल तर ही कमांड वापरावी. वेळ वाचतो हे आहेच, पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. सगळे निर्णय एक्सेलमध्ये राहतात. गावोगाव फिरलेल्या पर्यवेक्षकाला स्टाटा येत नसतो, पण 'हा पर्याय विहिरीचा नाही, टेंभू योजनेच्या पाण्याचा आहे' हे त्यालाच माहीत असतं. ते शीट त्याच्यासमोर ठेवता येतं, त्याने केलेली दुरुस्ती तशीच डेटात उतरवता येते. शंभर ओळींच्या डू-फाइलमध्ये (स्टाटाच्या कमांड लिहून ठेवायच्या फाइलमध्ये) पुरलेली लेबलं कोण तपासणार?

काम असं चालतं. डेटा स्टाटामध्ये उघडा आणि आयईकोडबुक टेम्प्लेट चालवून 'यूझिंग'पुढे नव्या एक्सेल फाइलचं नाव द्या. तयार झालेल्या फाइलमध्ये 'सर्व्हे' आणि 'चॉइसेस' अशी शीटं असतात. 'सर्व्हे'मध्ये प्रत्येक व्हेरिएबलसाठी एक ओळ. डावीकडे आपण भरायचे रकाने: नवीन नाव, नवीन लेबल, पर्याययादीचं नाव. उजवीकडे 'करंट' जोडलेले रकाने, म्हणजे आत्ताचं नाव, आत्ताचं लेबल, आत्ताची यादी, आणि शेवटी रिकोडसाठी, म्हणजे कोडचे आकडे बदलण्यासाठी, जागा. 'चॉइसेस'मध्ये यादीचं नाव, कोडचा आकडा आणि त्याचं लेबल. भरून झालं, फाइल सेव्ह करून बंद केली, की त्याच डेटावर आयईकोडबुक अप्लाय. नावं बदलतात, रिकोड होतं, लेबलं लागतात. सगळं एका ओळीत.

शीर्षकांची ओळ मात्र जशीच्या तशी ठेवायची. 'करंट' रकाने वाचायला अवघड जातात म्हणून कुणी त्यांची मराठी नावं केली, तर कमांडला काही सापडत नाही. मराठी खुलासे हवेत तर उजवीकडे वेगळा रकाना जोडा किंवा वेगळं शीट करा.

नाव रिकामं ठेवलं तर जुनंच राहतं. नावाच्या जागी नुसता टिंब टाकला तर ते व्हेरिएबल डेटातून जातं. अप्लायला 'ड्रॉप' हा पर्याय जोडला तर नाव न भरलेली सगळी व्हेरिएबल्स एकदम जातात. हा पर्याय धारदार आहे. शेतकऱ्याचं नाव, मोबाइल नंबर, गट नंबर अशा ओळखीच्या गोष्टी काढून स्वच्छ फाइल देताना तो फार उपयोगी पडतो. अर्धवट भरलेल्या कोडबुकवर चालवला तर निम्मा डेटा गायब होतो आणि स्टाटा तक्रार करत नाही. मूळ फाइलवर सेव्ह न करण्याचा नियम इथे कसोशीने पाळायला हवा.

कोबो किंवा ओडीके या मोबाइलवरच्या सर्वेक्षणाच्या साधनांवर फॉर्म बनवणाऱ्यांना आणखी एक फायदा आहे. त्यांचा एक्सएलएसफॉर्मही 'सर्व्हे' आणि 'चॉइसेस' अशाच शीटांचा असतो. फॉर्ममधल्या पर्याययाद्या उचलून इथल्या 'चॉइसेस'मध्ये चिकटवता येतात. फरक एवढाच की फॉर्ममध्ये कोडच्या रकान्याला 'नेम' म्हणतात आणि इथे 'व्हॅल्यू'. फॉर्मला मराठी लेबलचा वेगळा रकाना असेल तर त्यातला मजकूर इथल्या 'लेबल'मध्ये घ्या. फॉर्म बनवतानाच कोड आकड्यांत ठेवले असतील तरच हे सरळ होतं. तिथे 'विहीर', 'बोअर' असे शब्द कोड म्हणून दिले असतील तर रकाना मजकुराचा येतो, आणि स्टाटामध्ये व्हॅल्यू लेबल फक्त आकडी व्हेरिएबलला लागतं. मजकुरावर लावायला गेलात तर १८१ क्रमांकाची त्रुटी येते. 'लागू असलेले सर्व निवडा' या प्रकारच्या प्रश्नाचंही तेच. '१ ३ ४' असं एका सेलमध्ये आलेलं उत्तर मजकूर असतं. त्याला लेबल लावण्याच्या फंदात न पडता प्रत्येक पर्यायाचा जो ०-१ रकाना मिळतो, त्या सगळ्यांना होय-नाहीची एकच यादी द्यावी.

मजकूर आकड्यात बदलण्याची घाई ही या सगळ्या कामातली सर्वांत घातक जागा आहे. तालुक्याचा रकाना मजकुरात आला की हात लगेच एन्कोड या मजकुराला आकडे देणाऱ्या कमांडकडे जातो. एन्कोडला यादी दिली नाही तर तो अक्षरक्रमाने स्वतःच आकडे वाटतो. सांगलीचे दहा तालुके घ्या. क्रम लागेल आटपाडी १, कडेगाव २, कवठेमहांकाळ ३, खानापूर ४, जत ५, तासगाव ६, पलूस ७, मिरज ८, वाळवा ९, शिराळा १०. आता कोडबुकात क्रम मिरज १, तासगाव २, कवठेमहांकाळ ३, जत ४, आटपाडी ५, खानापूर ६, कडेगाव ७, पलूस ८, वाळवा ९, शिराळा १० असा असेल, तर लेबलं चढवल्यावर मिरजेचे सगळे शेतकरी पलूसमध्ये जातात. त्रुटी येत नाही. कवठेमहांकाळ, वाळवा आणि शिराळा यांचे आकडे योगायोगाने जुळतात, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला सगळं ठीकच वाटतं. आणि कुणी 'कवठे महांकाळ' असं तोडून लिहिलं असेल तर तालुके अकरा होतात आणि पुढचे सगळे आकडे एकने सरकतात. उपाय सोपा आहे: आधी कोडबुकातली यादी लेबल डिफाइनने तयार करा, मग एन्कोडला 'लेबल' पर्यायात ती यादी द्या आणि सोबत 'नोएक्स्टेंड' लावा. यादीत नसलेलं एकही नाव डेटात असेल तर कमांड तिथेच थांबते. असं थांबणं हवंच आहे.

आता एक्सेलच्या बाजूचे घोटाळे. कमांड चांगली असली तरी ती शीटवर डोळे झाकून विश्वास ठेवते, आणि एक्सेल स्वतःच्या मनाने बदल करतं. जमीनधारणेच्या गटाचं लेबल म्हणून '१-२' टाइप केलं की आपल्याकडच्या तारीख-पद्धतीत ते १ फेब्रुवारी होतं. '२-५' ची होते २ मे. चालू वर्ष त्याला आपोआप चिकटतं. २०२४ मध्ये टाइप केलेलं '१-२' आतून ४५३२३ हा आकडा असतो, आणि पुढे कुठल्या सॉफ्टवेअरने कसं वाचलं त्यानुसार डेटात तारीख तरी उतरते नाहीतर हा आकडा तरी. गट नंबर '५/२' ची हीच गत. रकाना आधी 'टेक्स्ट' फॉरमॅटमध्ये घ्या आणि मग टाइप करा. आधी टाइप करून नंतर फॉरमॅट बदललं तर गेलेला मजकूर परत येत नाही. त्याहून चांगलं म्हणजे लेबलातच एकक लिहा: '१ ते २ एकर'. वाचणाऱ्यालाही बरं, आणि एक्सेलला तारीख दिसत नाही.

यादीच्या नावामागे राहिलेली मोकळी जागा डोळ्याला दिसत नाही. एकाच सेलमध्ये ऑल्ट-एंटर दाबून केलेल्या दोन ओळी लेबलात विचित्र चिन्ह सोडतात. 'ट्रिम' आणि 'क्लीन' ही एक्सेलची दोन सूत्रं सगळ्या मजकुरी रकान्यांवर एकदा फिरवावीत. दुसऱ्या वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी जागा असते. ती 'ट्रिम'ने जात नाही, 'सबस्टिट्यूट'ने काढावी लागते. आणि इंचाचं चिन्ह! पाइपचा व्यास दुहेरी अवतरणचिन्हाने लिहिण्याची सवय दुकानांतून शीटमध्ये येते. स्टाटामध्ये लेबल अवतरणातच बांधलेलं असतं, त्यामुळे असं चिन्ह मध्ये आलं की मजकूर तिथेच तुटू शकतो. सरळ 'इंची' लिहावं.

मराठी लेबलांबद्दल थोडं सविस्तर. स्टाटा १४ पासून, म्हणजे २०१५ पासून, युनिकोड चालतं, त्यामुळे देवनागरी लेबलं बिनदिक्कत वापरता येतात. व्हेरिएबल लेबलची मर्यादा ८० चिन्हांची आहे, पण चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'शेतकऱ्याचे' हा शब्द वाचताना पाच अक्षरांचा, स्टाटाच्या हिशेबात दहा चिन्हांचा. म्हणजे अख्खा प्रश्न लेबलात भरण्याचा विचार सोडलेलाच बरा. 'मागील हंगामात हळदीचे एकूण उत्पादन (क्विंटल)' एवढंच लेबल ठेवा आणि पूर्ण प्रश्न 'नोट्स' कमांडने त्या व्हेरिएबलला जोडा. ८० च्या पुढचा भाग स्टाटा कापतो, आणि मराठी वाक्यात एकक नेमकं शेवटी असतं, म्हणून कापलं जातं तेही तेच. पूर्ण मजकूर नोट्समध्ये नेण्याची सोय आयईकोडबुकात नाही. ही तिची खरी उणीव वाटते. लेबलाची लांबी आधीच तपासायची असेल तर शीट स्टाटात वाचून यूस्ट्रलेन हे फंक्शन वापरा. साधं स्ट्रलेन बाइट मोजतं आणि देवनागरीत तिप्पट आकडा दाखवतं.

'ऱ्य' ही जोडी आणखी एका कारणाने त्रास देते. कीबोर्डनुसार ती दोन-तीन वेगळ्या पद्धतींनी साठवली जाते: नुक्ता असलेला एकच 'ऱ', किंवा 'र' आणि वेगळा नुक्ता, किंवा 'र', हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, जुळवणीत तिन्ही वेगळे ठरतात. पहिले दोन यूस्ट्रनॉर्मलाइझ फंक्शनने एक होतात, तिसरा होत नाही, तो शोधून बदलावा लागतो. म्हणून व्हेरिएबलची आणि यादीची नावं रोमनमध्येच ठेवा, आणि मराठी फक्त लेबलात. जुळवणी नावांवर होते, लेबलांवर नाही, त्यामुळे एवढ्याने बहुतेक भानगड टळते.

उत्तर न मिळालेल्या नोंदींसाठी कमांडची सोय चांगली आहे. रिकोडच्या रकान्यात -९९ ला 'टिंब डी' आणि -८८ ला 'टिंब आर' (हे स्टाटातले 'मिसिंग' म्हणजे उत्तर नसल्याचे कोड) करण्याचा नियम कंसात लिहायचा, आणि अप्लायच्या वेळी 'मिसिंगव्हॅल्यूज' पर्यायात 'टिंब डी'ला 'माहीत नाही', 'टिंब आर'ला 'उत्तर दिले नाही' अशी लेबलं एकदाच द्यायची. ती सगळ्या याद्यांना लागतात, प्रत्येक यादीत पुन्हा लिहावी लागत नाहीत. हे केलं नाही तर -९९ सरासरीत घुसतो आणि एकरी उत्पादन खाली ओढतो. केल्यावरही एक सावधगिरी हवी: स्टाटा मिसिंगला सगळ्या आकड्यांपेक्षा मोठं मानतो. 'क्षेत्र ५ एकरांपेक्षा जास्त' अशी अट लावली की 'माहीत नाही' म्हणणारेही मोठ्या शेतकऱ्यांत मोजले जातात. अटीला 'आणि मिसिंग नाही' ही जोड द्यायलाच हवी.

अप्लाय झाल्यावर तपासणी आपली आपण करायची. डेटातला एखादा कोड यादीत नसेल तर टॅब्युलेट कमांडच्या तक्त्यात नावांच्या रांगेत उघडा आकडा दिसतो. तो दिसला की शीटकडे परत जा, स्टाटात जागच्या जागी लेबल दुरुस्त करू नका, नाहीतर शीट आणि डेटा यांची फारकत होते. लेबलबुक कमांड 'प्रॉब्लेम्स' पर्यायासह चालवा. पहिली १२ चिन्हं सारखी असलेली लेबलं ती दाखवते. आपल्याकडे हे हमखास निघतं: 'उपसा सिंचन योजना - ताकारी' आणि 'उपसा सिंचन योजना - म्हैसाळ' ही लेबलं अरुंद तक्त्यात कापली जाऊन एकसारखी दिसतात. 'ताकारी उपसा', 'म्हैसाळ उपसा' असं वेगळेपण पुढे आणा.

नावं बदलतात तेव्हा या पद्धतीचं मोल कळतं. इस्लामपूरचं नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. कोडबुक शीटमध्ये असेल तर 'चॉइसेस'मधली एक सेल बदलून अप्लाय पुन्हा चालवायचं. कोड तोच राहतो, जुन्या-नव्या फेऱ्यांची तुलना तशीच चालते.

दोन जिल्ह्यांचा डेटा एकत्र करायचा असेल तर अपेंड उपकमांड आहे. टेम्प्लेटला दोन्ही फाइल्स दिल्या की शीटमध्ये प्रत्येक फाइलचे स्वतंत्र रकाने येतात. सांगलीत 'क्यू१२' आणि साताऱ्यात 'क्यू१४' हा एकच प्रश्न असेल तर दोन्ही एका ओळीत आणून समोर एकच नवीन नाव लिहायचं. इथे नाव न दिलेली व्हेरिएबल्स मूळ स्वभावानेच गळतात. ती ठेवायची तर 'कीपऑल' द्यावं लागतं. अप्लायच्या बरोबर उलटं, त्यामुळे गल्लत होते. तालुक्यांचे कोड आधी वेगळे करा. दोन्हीकडे १ पासून सुरुवात असेल तर मिरज आणि सातारा एकाच आकड्यावर बसतील. २०११ च्या जनगणनेतला जिल्ह्याचा कोड पुढे लावणं सोयीचं: साताऱ्याचा ५२७, सांगलीचा ५३१. साताऱ्याचे अकरा तालुके ५२७०१ ते ५२७११, सांगलीचे दहा ५३१०१ ते ५३११०. ही रचना रिकोडच्या रकान्यातच लिहिता येते.

या कमांडऐवजी वापरता येणाऱ्या मार्गांबद्दल थोडक्यात. पॅकेज न घेता शीट इम्पोर्ट करून, ओळीगणिक लेबल लावणारं लूप लिहिता येतं. शीटची रचना वेगळी असेल तर तेच करावं लागतं. त्यात एक छुपा धोका आहे: अस्तित्वात नसलेल्या यादीचं नाव लेबल व्हॅल्यूजला दिलं तरी स्टाटा ते मुकाट्याने घेतो, लेबल मात्र दिसत नाही.

पैसे खर्च करायचे नसतील तर आर हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम. रीडएक्सएलने शीट वाचा, सगळे रकाने 'टेक्स्ट' म्हणून. मग लेबल्ड पॅकेजच्या सेट व्हेरिएबल लेबल्सला नावं आणि लेबलांची यादी द्या. शीटमधलं नाव डेटात नसेल तर ते त्रुटी देऊन थांबतं, आणि ही शिस्त आवडण्यासारखी आहे. हेवन पॅकेजने तीच फाइल स्टाटा किंवा एसपीएसएसच्या रूपात लिहिता येते. पण कोडची लेबलं लावताना आकड्यांचे प्रकार जुळवावे लागतात, आणि नंतरच्या एखाद्या साध्या 'इफएल्स'ने लेबलं गळून पडतात. आरची सवय नसलेल्याला सुरुवात जड जाते.

महाविद्यालयात एसपीएसएस हे सॉफ्टवेअर असेल तर एक्सेलमध्ये सूत्राने सिंटॅक्सच्या ओळी जोडून त्या सिंटॅक्स खिडकीत चिकटवणं हा जुना मार्ग चालतो. एकदा लेबलं लागलेली फाइल असली की पुढच्या फेरीला अप्लाय डिक्शनरीने तीच लेबलं नव्या फाइलवर उतरतात. मोफत मिळणाऱ्या पीएसपीपीमध्येही ही कमांड आहे. मराठीसाठी मात्र एसपीएसएस तंग पडतं. कोडच्या लेबलाला १२० बाइट मिळतात, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे जेमतेम ४० चिन्हं. स्टाटात कोडच्या लेबलाला ही अडचण येत नाही.

इन्स्टॉल करायला स्टाटात 'एसएससी इन्स्टॉल आयईफिल्डकिट' एवढी ओळ पुरते, जुनी आवृत्ती असेल तर 'रिप्लेस' जोडा. ज्या संगणकावर इंटरनेट नाही तिथे नेटवाल्या मशीनवर इन्स्टॉल करून 'सिसडिर' चालवा, 'प्लस' फोल्डरचा पत्ता पाहा आणि ते फोल्डर पेनड्राइव्हवरून दुसऱ्या मशीनच्या त्याच जागी ठेवा. स्टाटा एकदा बंद करून उघडला की हेल्पमध्ये कमांड दिसू लागते.